खुणेचे ई-मेल पत्ते : आपला पत्ता कोणी पुढं दिला ते कसं ओळखायचं?

सिंदफणा (धागाकर्ता)

अकरावीचा प्रवेश, सीईटी, शिष्यवृत्ती, बियाण्याची ऑनलाइन खरेदी, ट्रॅक्टरचं कोटेशन. जूनपासून फॉर्मांचा रेटा सुरू होतो आणि पोळ्यापर्यंत मेलपेटीत कर्जवाले, क्लासवाले, प्लॉटवाले येऊन बसतात. सगळीकडं एकच पत्ता दिलेला असला की गळती नेमकी कुठं झाली हे सांगायला काहीच पुरावा उरत नाही. जनावराच्या कानात बिल्ला मारतात तसा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या खुणेचा पत्ता दिला, तर आलेला मेलच सांगतो की तो कोणत्या गोठ्यातून सुटला.

जीमेलवाल्यांना यासाठी नवं खातं काढावं लागत नाही. तुमचा पत्ता तुमचंनाव@जीमेल.कॉम असेल तर बियाण्याच्या दुकानाला तुमचंनाव+बियाणे@जीमेल.कॉम असा द्या. (पत्ते इथं वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहितोय, फॉर्मात रोमन अक्षरंच टाकायची.) + पासून @ च्या आधीपर्यंतचा भाग जीमेल पोचवताना सोडून देतं. मेल तुमच्याच पेटीत पडतो, पण खूण पत्त्यावर तशीच राहते. आउटलुक.कॉम, आयक्लाउड, प्रोटॉन, फास्टमेल यांच्यावरही हे चालतं.

पुढं चाळणी लावायची. हे संगणकाच्या ब्राउझरवर करा, मोबाईलच्या जीमेल अ‍ॅपात चाळणी बनवता येत नाही. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर दाबा, 'टू'च्या रकान्यात पूर्ण खुणेचा पत्ता टाका, 'क्रिएट फिल्टर' दाबा आणि लेबल द्या. उद्या त्या लेबलात सोन्याच्या कर्जाची जाहिरात दिसली की पत्ता कोणाला दिला होता हे शोधत बसावं लागत नाही.

कोणाकडं याहून पक्की पद्धत असेल तर सांगा.


पोस्टफिक्स_वाळूज

युक्ती बरोबर आहे, पण + ची मर्यादा आधी सांगायला पाहिजे. खूण आणि मूळ पत्ता एकाच ओळीत उघडे पडलेले असतात. यादीचा धंदा करणारा एका ओळीच्या स्क्रिप्टनं + पासूनचा भाग छाटतो आणि खाली उरलेला पत्ता वापरतो. म्हणजे खूण सापडली तर काहीतरी हाती लागतं. नाही सापडली तर 'कोणीच दिला नाही' असं म्हणता येत नाही.

यावर अर्धा उपाय असा की बिनखुणेचा मूळ पत्ता कोणालाच द्यायचा नाही, घरच्यांनासुद्धा +घर. मग बिनखुणेच्या पत्त्यावर आलेला जाहिरातीचा मेल म्हणजे कोणीतरी खूण छाटली एवढं तरी कळतं. कोणी, ते कळत नाही. आणि जुना पत्ता आधीच जगभर पसरलेला असेल तर हेही चालत नाही, त्यासाठी नवं खातं काढून सुरुवात करावी लागते.

आता + कुठं अडतं ते:

पुष्कळ फॉर्म + असलेला पत्ता 'अवैध' म्हणून परत पाठवतात. नियमानं + वैध आहे, फॉर्म लिहिणाऱ्यानं तपासणी अर्धवट लिहिलेली असते.

यापेक्षा वाईट म्हणजे वेबसाइट + घेते पण तिचंच मोबाईल अ‍ॅप घेत नाही. खातं उघडतं, पैसे भरले जातात आणि नंतर अ‍ॅपात लॉगिन होत नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी दोन्हीकडं एकदा बाहेर पडून परत आत जाऊन बघा.

तिसरी अडचण 'यादीतून काढा' या दुव्याची. वेबपत्त्यात + चा अर्थ मोकळी जागा असा लावला जातो. मेल पाठवणाऱ्यानं तो %२बी असा बदलून दुव्यात घातला नसेल तर त्यांची यंत्रणा 'तुमचंनाव बियाणे' असा नसलेला पत्ता शोधते आणि तुम्ही यादीत तसेच राहता. दुवा हातानं दुरुस्त करून बघा, + च्या जागी %२बी (रोमन बी, आकडा इंग्रजी).

उत्तर देताना आणखी एक गळती. जीमेलवर आलेल्या मेलला उत्तर दिलं की ते मूळ पत्त्यावरून जातं आणि खूण वाया जाते. सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' या भागात 'सेंड मेल अ‍ॅज' खाली खुणेचा पत्ता जोडा आणि ज्या पत्त्यावर आला त्याच पत्त्यावरून उत्तर, हा पर्याय निवडा.


ज्वारीची_कडक

मग टिंबांचं चालतंय का? जीमेल टिंब बघत नाही म्हणतात. तुमचं.नाव आणि तु.मचंनाव एकच.


पोस्टफिक्स_वाळूज

चालतं, आणि + न घेणाऱ्या फॉर्मात तेच उपयोगी पडतं. आठ अक्षरांच्या नावात सात फटी, प्रत्येक फटीत टिंब आहे किंवा नाही, म्हणजे १२८ पत्ते. पण तीन गोष्टी. एक, कोणतं टिंब कोणाला दिलं हे नुसतं बघून आठवत नाही, तक्ता ठेवावाच लागतो. दोन, टिंबांच्या फरकावर लावलेली चाळणी भरवशाची नाही, प्रत्येक संशयित मेल उघडून बघावा लागतो. तीन, ही सोय फक्त @जीमेल.कॉमची. कॉलेजचं किंवा कंपनीचं गूगलवर चालणारं खातं असेल तर तिथं टिंब मोजलं जातं, चुकीच्या टिंबाचा मेल पोचणारच नाही.

टिंब किंवा + यानं जाहिरातीची जुळणी चुकवता येते असा एक समज आहे, तोही सोडा. दुकानं ग्राहकांचे पत्ते हॅश करून (उलट वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदलून) जाहिरात कंपन्यांना देतात, पण त्याआधी जीमेल पत्त्यातली टिंबं काढून टाकायची असा गूगलचाच नियम आहे. काही जुळणी यंत्रणा + चा भागही काढतात. तिथं टिकतो तो पूर्ण वेगळा पत्ता.


तेरणा

पूर्ण वेगळे पत्ते दोन मार्गांनी मिळतात.

पहिला मार्ग म्हणजे मधला हमाल, दर ठिकाणी नवा पत्ता बनवून देणारी आणि मेल पुढं ढकलणारी सेवा. डकडकगोची ई-मेल प्रोटेक्शन फुकट आहे, @डक.कॉमवर हवे तेवढे पत्ते बनतात. फायरफॉक्स रिलेवर फुकट पाच, सिंपललॉगिनवर फुकट दहा. सिंपललॉगिन २०२२ पासून प्रोटॉनकडं आहे. अ‍ॅपलचं 'हाइड माय ई-मेल' आयक्लाउडच्या पैसे भरलेल्या योजनेत मिळतं. या पत्त्यांत तुमचं नाव नसतं, त्यामुळं छाटून मूळ पत्ता काढता येत नाही, आणि नको झाला की एका बटणात बंद.

यातली मेख अशी की काही साइटी या सेवांची डोमेनं (पत्त्यातला @ नंतरचा भाग) ओळखून नाकारतात. दुसरं, सगळा कारभार त्या एका कंपनीवर टांगलेला. उद्या सेवा बंद पडली तर तिथून दिलेल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड-बदलाचा मेल हवेत. बँक, आयकर, डिजिलॉकर, परीक्षा यांना हा पत्ता देऊ नका.

दुसरा मार्ग स्वतःचं डोमेन. साधं .इन किंवा .कॉम वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतं. डोमेनचा डीएनएस (त्या नावाचा मेल, साइट कुठं जावी हे सांगणारी नोंदवही) क्लाउडफ्लेअर या कंपनीकडं नेला की त्यांचं 'ई-मेल राउटिंग' फुकट वापरता येतं. त्यात आधी तुमची खरी पेटी 'डेस्टिनेशन' म्हणून नोंदवायची, तिथं आलेल्या मेलमधून खात्री करायची. मग ते एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरवर यावा) आणि एसपीएफ (या नावानं मेल कोणी पाठवावा) या नोंदी स्वतःच घालतात. शेवटी 'कॅच-ऑल' चालू करून त्याच पेटीकडं वळवायचं. यापुढं @च्या आधी काहीही लिहिलं तरी मेल येतो. काउंटरवर उभं राहूनसुद्धा पत्ता बनवता येतो, मोबाईल उघडायची गरज नाही.

डोमेन आधीच दुसऱ्या कामाच्या मेलला वापरात असेल तर मात्र थांबा. एमएक्स बदलला की जुनी मेलसेवा त्या क्षणी बंद पडते. आणि हे फक्त आत घेतं, बाहेर पाठवायला वेगळी मेलसेवा लागते.


पोस्टफिक्स_वाळूज

> @च्या आधी काहीही लिहिलं तरी मेल येतो

हेच त्याचं दुखणं पण आहे. स्पॅमवाले कोणत्याही डोमेनवर इन्फो, अ‍ॅडमिन, सेल्स, अकाउंट्स असे तयार शब्द मारत सुटतात, कॅच-ऑल ते सगळं गिळतं. त्यात 'बँक@' किंवा 'शॉपिंग@' अशी साधी खूण दिलेली असेल तर मेल गळतीनं आला की अंदाजानं, हे सांगताच येत नाही. लोक इथंच फसतात आणि दुकानदाराशी भांडायला जातात.

खूण अशी बनवा : ओळख, वर्ष-महिना, आणि शेवटी तीन अक्षरांची निरर्थक शेपटी. उदाहरणार्थ बियाणे२६०६कटझ. शेपटी प्रत्येक ठिकाणी वेगळी. अंदाजानं हे कोणालाही जमणार नाही, म्हणून त्यावर आलेला परका मेल म्हणजे पत्ता कुठून तरी उचललाच गेलाय. शेपटीत रोमन ओ आणि शून्य, आय, एल आणि एक ही अक्षरं टाळा, कागदावर लिहिलं की गफलत होते. मोठ्या-लहान अक्षरांचा फरक खूण म्हणून वापरू नका, बहुतेक यंत्रणा सगळं लहान करून टाकतात. @च्या आधी ६४ अक्षरांची मर्यादा आहे, एवढं लांब कोणी लिहीत नाही म्हणा.

ओळखही थोडी आडवळणाची ठेवा. कंपनीचं पूर्ण नाव खुणेत दिसलं की काही साइटी ते नाव असलेला पत्ता नाकारतात, आणि ग्राहक सेवेवाले 'तुम्ही आमचेच कर्मचारी का?' म्हणून विचारत बसतात.

स्वतःचा मेलसर्व्हर चालवणाऱ्यांसाठी : पोस्टफिक्स या मेलसर्व्हर प्रणालीत 'रेसिपियंट डेलिमिटर' (खूण जिथून सुरू होते ते चिन्ह) ही किंमत + ऐवजी - ठेवता येते. आवृत्ती २.११ पासून एकाहून जास्त चिन्हंही देता येतात. उणेचं चिन्ह जवळजवळ सगळे फॉर्म घेतात आणि छाटणाऱ्या स्क्रिप्टीही त्याला सहसा हात लावत नाहीत, कारण खऱ्या नावांतही ते असतं.


नेटकॅफे_उदगीर

हे सगळं ठीक. पण आपल्याकडं निम्मे फॉर्म माणूस स्वतः भरतच नाही, सेवा केंद्रावर भरून घेतो. तिथं होतं काय ते ऐका.

गिऱ्हाईकाकडं मेल नसला की ऑपरेटर दुकानाचाच मेल टाकून मोकळा होतो. एकाच पत्त्यावर कित्येकांचे फॉर्म. तुमची खूण तिथंच संपली, वर पासवर्ड बदलायचा झाला तर दुकानदाराच्या दारात जावं लागतं. शिष्यवृत्तीच्या वेळी यावरून दरसाल रडारड असते.

दुसरं, ब्राउझर. दुकानाच्या मशीनवर ऑटोफिल चालू असतं, त्यात तुमचा पत्ता साठतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या फॉर्मात आपोआप भरला जातो. मग तुमच्या खुणेवर भलत्याच माणसाच्या प्रवेशाचे मेल यायला लागतात. ही गळती नाही, घिसाडघाई आहे.

म्हणून जाताना पत्ता कागदावर मोठ्या सुट्या अक्षरांत लिहून न्या. + तोंडी सांगू नका, 'प्लस' असं अक्षरांत टाईप केलेले पत्ते भरपूर असतात. खासगी विंडो उघडायला सांगा. भरून झाल्यावर छापील पावतीवरचा मेल अक्षर अन् अक्षर तपासा, सबमिट झाल्यावर मेल बदलणं लई जिकिरीचं काम आहे. आणि ओटीपी आल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

सरकारी फॉर्मला + वापरूच नका असं माझं स्पष्ट मत. आज घेईल, पुढच्या फेरीला नवीन पोर्टल येईल आणि तेच नाकारेल.


सिंदफणा

सहमत. परीक्षा, प्रवेश, बँक, आयकर यांच्यासाठी एक वेगळा, साधा, बिनचिन्हाचा पत्ता ठेवायचा आणि तो दुसरीकडं कुठंच द्यायचा नाही. तोही एक खूणच झाला. बँकेच्या नावानं आलेला मेल बियाण्याच्या खुणेवर पडला तर तो खोटा, एवढं मजकूर न वाचताच कळतं.


हुरडा

एक अडचण. मेल आलाय, पण 'टू' मध्ये माझा पत्ताच नाही, भलताच कोणाचा तरी आहे. मग खूण कुठं बघायची?


पोस्टफिक्स_वाळूज

मेल बीसीसीनं (घेणाऱ्यांचे पत्ते लपवून) आला की असंच दिसतं. 'टू' ही ओळ पत्रावर लिहिलेल्या नावासारखी, पाठवणारा तिथं काहीही लिहू शकतो. पोचवणारा सर्व्हर बघतो तो वेगळाच पत्ता.

जीमेलमध्ये मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल'. हेही संगणकावरच. वरच्या 'रिसीव्ह्ड' ओळींपैकी जी गूगलच्या एमएक्स सर्व्हरची आहे तिच्यात 'फॉर' या शब्दापुढं कोनी कंसात पत्ता असतो. खूण तिथं बहुधा सापडते. स्वतःच्या पोस्टफिक्सवर 'एक्स-ओरिजिनल-टू' बघा. मधली सेवा वापरत असाल तर ती मेलच्या माथ्यावर किंवा हेडरात (मेलसोबतच्या एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत) कोणत्या पत्त्यावर आला ते सांगते.

मग पाठवणारा कोण ते. 'फ्रॉम' वर जाऊ नका. 'रिटर्न-पाथ' आणि डीकेआयएमच्या (मेल कोणत्या डोमेननं पाठवला हे सांगणाऱ्या यांत्रिक) सहीतलं 'डी=' पुढचं डोमेन बघा, आणि 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' मध्ये त्यापुढं 'पास' आहे का ते. तिथं अनोळखी डोमेन दिसलं म्हणून लगेच उडी मारू नका. दुकानं मेल स्वतः पाठवत नाहीत, अ‍ॅमेझॉन एसईएस, सेंडग्रिड, मेलचिंप अशा पाठवणाऱ्या कंपन्यांमार्फत पाठवतात. मजकूर त्याच दुकानाचा आणि सही अशा कंपनीची, हे रोजचं आहे. मजकूर दुसऱ्याच धंद्याचा असेल आणि डीकेआयएमचं डोमेनही त्या दुसऱ्याचंच असेल, तर तो खरा परका मेल.

हुरडा, त्या मेलचा हेडर इथं चिकटवणार असाल तर स्वतःचा पत्ता आणि आयपी आधी खोडा.


तेरणा

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. परका मेल खुणेवर आला म्हणजे 'त्यांनी पत्ता विकला' असं होत नाही. खूण एवढंच सांगते की पत्ता त्या वाटेनं बाहेर पडला.

दोन जुनी, नीट नोंदलेली प्रकरणं बघा. अमेरिकेतल्या टीडी अमेरिट्रेड या शेअरदलाल कंपनीच्या ग्राहकांना, फक्त तिलाच दिलेल्या पत्त्यांवर शेअरच्या टिपांचे मेल यायला लागले. ग्राहक कंपनीला सांगत राहिले. सप्टेंबर २००७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की डेटाबेसमध्ये घुसखोरी झाली होती आणि ६३ लाखांवर ग्राहकांची संपर्क-माहिती त्यात होती. दुसरं ड्रॉपबॉक्सचं. जुलै २०१२ मध्ये फक्त ड्रॉपबॉक्सला दिलेल्या पत्त्यांवर जुगाराच्या जाहिराती येऊ लागल्या. चौकशीत निघालं की एका कर्मचाऱ्यानं दुसऱ्या साइटवरचाच पासवर्ड इथंही वापरला होता, आणि त्यातून ग्राहकांचे ई-मेल असलेली एक फाइल चोरांच्या हाती गेली. तेवढ्यावर भागलं नव्हतं हे २०१६ मध्ये कळलं, त्याच काळातल्या ६ कोटी ८० लाखांहून जास्त खात्यांचे ई-मेल आणि हॅश केलेले पासवर्ड बाहेर आले.

दोन्हीकडं विक्री झालेली नव्हती, चोरी होती. आणि दोन्हीकडं पहिली चाहूल खुणेच्या पत्त्यांनीच दिली. म्हणून अशा मेलनंतर पहिलं काम भांडण नाही, त्या खात्याचा पासवर्ड बदलणं. तोच पासवर्ड आणखी कुठं असेल तर तिथंही.

चोरी दुकानाकडं न होता मेल पाठवणाऱ्या कंपनीकडंही होते. २०११ मध्ये एप्सिलॉन या कंपनीकडून असे पत्ते गेले आणि तिच्यामार्फत मेल पाठवणाऱ्या अनेक बँका-दुकानांच्या ग्राहकांना एकदमच फटका बसला.

आपल्या पातळीवरची कारणं याहून साधी असतात. क्लासनं पालकांना बीसीसीऐवजी सीसीत मेल धाडला, म्हणजे शंभर घरांत शंभर पत्ते गेले. प्रवेशाची एक्सेल शीट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. काउंटरवरचा मुलगा नोकरी सोडून दुसऱ्या क्लासला लागला आणि यादी घेऊन गेला. लातूर-नांदेडला नीटच्या हंगामात अशा याद्यांना भाव असतो हे सांगायला नको.


ज्वारीची_कडक

मग विकलं की चोरीला गेलं हे कधीच कळणार नाही का?


तेरणा

पूर्ण नाही, पण जवळ जाता येतं. खुणेत वर्ष-महिना घालायचा तो त्यासाठीच. एकाच संस्थेत दर सहा महिन्यांनी पत्ता बदला आणि जुने बंद न करता चालू ठेवा. जानेवारीच्या खुणेवर परका मेल येतोय, जुलैच्या खुणेवर नाही, म्हणजे यादीची प्रत जानेवारी आणि जुलैच्या दरम्यान निघाली, एकदाच निघाली. हे चोरीचं किंवा शीट बाहेर गेल्याचं लक्षण. नव्या खुणेवरही महिन्याभरात तेच जाहिरातदार उगवले तर यादी नियमानं पुढं जातेय. तिथं गोपनीयता धोरण वाचा, 'समूहातील कंपन्या व भागीदार' असं वाक्य बहुतेक सापडेल, आणि खाली आधीच बरोबरची खूण केलेला चौकोन.

एकाच संस्थेचे दोघे-तिघे ग्राहक आपापल्या खुणा ताडून बघू शकले तर आणखी बरं. तिघांनाही त्याच आठवड्यात तोच मेल आला तर तुमच्या मोबाईलमधून गळल्याची शंका मिटते. ही शंकासुद्धा खरी असते बरं का, संपर्कांची परवानगी मागणारी अ‍ॅपं अख्खी वही उचलतात. म्हणून खुणेचे पत्ते मोबाईलच्या संपर्कांत साठवू नका.

स्वतःचं डोमेन असेल तर 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर मालकी सिद्ध करून अख्ख्या डोमेनचा शोध घेता येतो. कोणती खूण कोणत्या जाहीर झालेल्या चोरीत आहे ते कळतं. + वाल्यांनी तिथं प्रत्येक खूण वेगळी टाकून बघावी, ती साइट + चा पत्ता वेगळाच धरते.


कलम_कागद

तक्रार कशी करायची ते सांगतो.

पत्रात 'तुम्ही माझा पत्ता विकला' हे वाक्य लिहू नका. ते सिद्ध करता येत नाही, आणि उत्तर टाळायला त्यांना निमित्त मिळतं. लिहा : हा पत्ता अमुक तारखेला फक्त आपल्याच फॉर्ममध्ये दिला होता; तमुक तारखेला त्यावर या तिसऱ्या संस्थेचा मेल आला; मूळ मेल जोडला आहे. मेल अग्रेषित करू नका, स्क्रीनशॉटही पुरत नाही. 'डाउनलोड ओरिजिनल' करून ती फाइल जोडा, म्हणजे हेडर शाबूत राहतात. मग तीन प्रश्न : हा पत्ता कोणाकोणाला दिला, कोणत्या संमतीच्या आधारे, आणि तुमच्याकडं चोरी झाल्याची नोंद आहे का.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं नियमात आहे. नाव-पत्ता साइटच्या तळाशी असतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याच्या कलम ११ मध्ये आपली माहिती कोणकोणत्या संस्थांना दिली त्यांची नावं मागायचा हक्क आहे, कलम १२ मध्ये पुसून घ्यायचा. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ही मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. म्हणजे २०२७ च्या मेपर्यंत कलम ११ दाखवून कोणाला घाम फुटणार नाही. खुणा मात्र आत्तापासूनच लावा, तेव्हा हातात तारखेसकट नोंद असेल. तक्ता साधा ठेवा : पत्ता, कोणाला, कधी, कोणत्या फॉर्मात, जाहिरातीला संमती दिली होती का. शेवटचा रकाना लोक विसरतात आणि तक्रार तिथंच पडते.


नेटकॅफे_उदगीर

मेलचं झालं. पण खरा ताप मोबाईल नंबरचा. नंबरला शेपटी कशी लावायची?


कलम_कागद

लागत नाही. नावाला लावता येते. चौकशीच्या फॉर्मात, माहितीपत्रक मागवताना मधल्या नावाचं आद्याक्षर किंवा पत्त्यातला गल्ली क्रमांक प्रत्येक ठिकाणी वेगळा द्या. फोनवरचा माणूस नाव घेऊन बोलला किंवा घरी पाकीट आलं की कळतं. परीक्षेचा, बँकेचा, शिष्यवृत्तीचा फॉर्म असेल तर हे अजिबात नाही, तिथं नाव कागदपत्रांशी जुळलंच पाहिजे.

एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाला २०२५ पासून शेपटी असते : पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. एसच्या नावाखाली जाहिरात आली तर ती तक्रार करण्यासारखी. १९०९ वर किंवा ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डीएनडी अ‍ॅपातून सात दिवसांच्या आत करायची. पैसे गेले असतील तर १९०९ नाही, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.


ज्वारीची_कडक

एक उगं विचारतो. अख्खा पत्ताच देवनागरीत नाही का घेता येत? .भारत डोमेन आहे की.


पोस्टफिक्स_वाळूज

घेता येतो. .भारत २०१४ पासून आहे आणि देवनागरी ई-मेलचं तांत्रिक मानक २०१२ चं. अडतं ते फॉर्मांत, बहुतेक जागी असा पत्ता टाईपच करू देत नाहीत. घेतला तरी मधला एखादा सर्व्हर ते मानक पाळत नसेल तर मेल परत. मित्रमंडळींत वापरा, खुणांसाठी नको.


हुरडा

डोमेन घ्यायचं ठरवलं. जुनी खाती एकदम हलवू का हळूहळू? आणि समजा पुढं डोमेनचे पैसे भरायचे राहिले तर?


तेरणा

एकदम हलवू नका. आधी ज्यांचे परके मेल येतायत ती खाती, मग खरेदीच्या साइटी. पत्ता बदलताना बहुतेक साइटी जुन्या पत्त्यावरही खात्रीचा मेल पाठवतात, म्हणून जुनी पेटी किमान वर्षभर चालू ठेवा. पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन वापरत असाल तर त्याच्या वापरकर्तानाव बनवायच्या भागात +, कॅच-ऑल आणि मधल्या सेवांचे पत्ते तिथल्या तिथं तयार होतात. पासवर्डासोबत नोंद होऊन जाते, वेगळा तक्ता लागत नाही.

पैसे भरायचे राहिले तर प्रकरण गंभीर आहे. मुदत संपल्यावर काही दिवसांत मेल बंद पडतो, आणि सवलतीचा काळही गेला की डोमेन कोणीही घेऊ शकतो. त्यानं कॅच-ऑल लावलं की तुमच्या सगळ्या खुणांचे मेल, पासवर्ड-बदलाचे दुवेसुद्धा, त्याच्या पेटीत. म्हणून एकदम पाच वर्षांचे पैसे भरा, आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, आणि डोमेन विकणाऱ्या कंपनीकडं संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की नूतनीकरणाची सूचनाही तिथंच अडकते. डोमेन सोडायचंच असेल तर आधी एकेका खात्यातून पत्ता काढून घ्या, आणि त्यानंतरही वर्षभर ते ताब्यात ठेवा.


पोस्टफिक्स_वाळूज

आणि एखादी खूण जाहिरातींनी भरली तर कॅच-ऑल बंद करत बसू नका, त्या एका पत्त्यासाठी 'ड्रॉप'चा नियम घाला. क्लाउडफ्लेअरवर असे २०० नियम बसतात. त्या संस्थेचा मेल अजून लागत असेल तर आधी तिथं नवी खूण नोंदवा, तिच्यावर एक मेल आलेला बघा, मगच जुनी बंद करा. त्या जाहिरातींतल्या 'यादीतून काढा'वर दाबू नका. ओळखीच्या दुकानाच्या मेलमध्ये तो दुवा चालतो, अनोळखी पाठवणाऱ्याला तुम्ही फक्त एवढंच कळवता की हा पत्ता जिवंत आहे.